आप्पांचा लॉज

आमच्या बिल्डिंगमधले सुधाकर मुळे हात मिळवताना समोरच्याच्या बोटाचं पेर अंगठ्याने दाबतात. एकदा दाबतात, थांबतात, डोळ्यांत रोखून बघतात, पुन्हा दाबतात. समोरच्याने उलट दाबलं तर तो फ्रीमेसन. नाही दाबलं, तर नुसता माणूस.

गॅसवाल्याने हात झटकून विचारलं, "क्या भिया, नाडी देख रिये हो क्या?" मत मागायला आलेल्या एका उमेदवाराला वाटलं, म्हातारा चिठ्ठी देतोय. त्याने गंभीरपणे मूठ मिटली, खिशात घातली आणि जिन्यात जाऊन उघडून पाहिली. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीने मात्र एकदा मनापासून उलट दाबलं. मुळे दोन दिवस हवेत होते. मग कळलं की दिवसभर पाना धरून त्या बिचाऱ्याच्या अंगठ्यात पेटके येतात.

बायकांचे हात ते दाबत नाहीत. सभ्य आहेत म्हणून नव्हे, त्या संस्थेत बायकांना प्रवेश नाही म्हणून. मला ते लांबून नमस्कार करतात. माझी काही तक्रार नाही.

फ्रीमेसन म्हणजे काय ते मला मुळ्यांमुळे कळलं आणि कळून काडीचा उपयोग झाला नाही. साहेबाबरोबर या देशात आलेली ही एक बंधुमंडळी. मी तिला गुप्त म्हटलं की मुळे लगेच म्हणतात, "गुप्त नव्हे हो वहिनी, गोपनीय." फरक त्यांना माहीत. गोरे अधिकारी, राजेरजवाडे, बडे वकील तिचे सभासद. ही मंडळी दारं लावून जमायची, कमरेला पांढरे एप्रन बांधायची, काटकोन्याला आणि कंपासला मान द्यायची आणि एकमेकांना 'ब्रदर' म्हणायची. जमायच्या जागेला लॉज म्हणत. बाहेरच्या लोकांना आत काय चालतं ते कळत नसे, म्हणून ते तिला जादूघर म्हणत. मुळ्यांचा दावा असा, की त्यांचे आजोबा आप्पा मुळे हे या मंडळींपैकी एक होते.

आता इंदूरच्या मराठी माणसाला वारशात दोन गोष्टी हमखास मिळतात: मधुमेह आणि दरबारातली खुर्ची. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाचा आजोबा महाराजांच्या उजव्या हाताला बसायचा. महाराजांना उजवे हात तरी किती असावेत? बरं, सगळेच जर खुर्चीवर होते तर घोड्यांना चंदी कोण घालत होतं? संस्थानात कारकून, शिपाई, पाणके कुणी नव्हतेच का? असले तर त्यांचा वंश बहुधा खुंटला, कारण त्यांचे नातू मला आजवर भेटलेले नाहीत.

मी तुकोगंजातल्या एका दवाखान्यात बिलिंग सांभाळते. दिवसभर समोर माणसं येतात, त्यांना आजोबा कोण होते ते विचारावं लागत नाही. वय, वजन, आजार, झालं. शिवाय बिल्डिंगच्या सोसायटीची सचिव मीच आहे, कारण दुसरं कुणी तयार होत नाही. पंप जळतो तेव्हा लोक मला उठवतात. त्यामुळे मुळ्यांसारख्या माणसाचं कौतुक करायला लागणारा निवांतपणा माझ्याकडे नाही.

मुळे अविवाहित. वीज खात्यातून निवृत्त झाले. वडिलांबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. वडील म्हणजे मुळे सर. एका शाळेत गणित शिकवायचे. बोलणं मोजकं, वागणं फूटपट्टीसारखं. त्यांनी पोटच्या मुलाला, म्हणजे याच सुधाकरला, आठवीत दोन मार्कांनी नापास केलं होतं आणि हे सगळ्या शहराला माहीत होतं. सर अंथरुणाला खिळले तेव्हा मुळ्यांनी त्यांचं सगळं एकट्याने केलं, तेही कुरकुर न करता. चार वर्षांपूर्वी सर गेले. त्यानंतर कधीतरी मुळ्यांचं हे मेसन प्रकरण सुरू झालं. रिकाम्या माणसाला काहीतरी छंद हवा, असं मी धरून चालले. कुणी बोन्साय करतं, कुणी मेसन.

पुरावे विचाराल, तर एकूण तीन.

पहिला पुरावा म्हणजे घरातलं एक वाक्य. 'आप्पा रोज संध्याकाळी लॉजला जात.' एवढंच. घरात यापुढे कुणी काही बोलत नसे आणि मुलांनी विचारलेलं चालत नसे.

दुसरा पुरावा ट्रंकेत सापडला. पांढऱ्या जाड कापडाचा चौकोनी तुकडा, वर दोन बंद. मुळ्यांनी तो मला हातमोजे घालून दाखवला. खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग होता.

"हा सुवर्णरंग," मुळे हळू आवाजात म्हणाले. "वरच्या डिग्रीवाल्यांनाच मिळायचा. संकेत आहे, वहिनी, संकेत!"

"हळद आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला सगळीकडे हळदच दिसणार."

"मुळेजी, तीस वर्षं फोडण्या घालतेय. हळद मला अंधारातसुद्धा ओळखता येते."

त्यांनी तो तुकडा दुधावरची साय काढावी इतक्या हलक्या हाताने उचलला आणि परत ट्रंकेत ठेवला. माझ्यासारख्या बाईसाठी हातमोजे वाया घालवल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिसरा पुरावा गौतमपुऱ्याहून आला. तिथे त्यांची एक म्हातारी आत्या राहते. मुळे बसने धक्के खात तिच्याकडे गेले आणि दिवसभर खोदून खोदून विचारत बसले. आत्याला एवढंच आठवलं, की आप्पा उशिरा घरी यायचे आणि आल्यावर जेवायचे नाहीत. मुळे परत आले ते थेट माझ्या दारात, चपलांवर धूळ तशीच.

"जेवायचे नाहीत, वहिनी! कळलं का तुम्हाला?"

"पोट बिघडलं असेल."

"रोज? अहो, बैठकीनंतर त्यांच्यात मेजवानी असते! नियमच आहे तो! आप्पा तिथे जेवून यायचे!" मग खाली आवाजात, "संकेत."

संकेत त्यांना कुठेही दिसतो. शेजारच्या पोराच्या कंपासपेटीत दिसतो, काळ्या-पांढऱ्या फरशीत दिसतो. सामोसा त्रिकोणी आहे म्हणून एका हलवायाकडे त्यांनी 'मालक कोण?' अशी चौकशी केली होती. हलवाई म्हणाला, "मालिक तो मैं ही हूँ भिया, बासी निकला क्या?"

सगळ्यांत मजा आमच्या चौकीदाराने आणली. मुळ्यांनी त्याला अर्धा तास धरून फ्रीमेसन समजावले. हा मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मेसन मतलब मिस्त्री ना, बाबूजी? मिस्त्री चाहिए तो मेरा साला है परदेशीपुरा में। पर फ्री में तो वो भी नी आएगा।"

बिल्डिंगच्या मीटिंगमध्येही त्यांनी एकदा ठराव मांडला, की आपण एकमेकांना 'बंधू' म्हणावं आणि मीटिंग सुरू करताना टेबलावर तीन टकटक कराव्यात. तळमजल्याचे अगरवालजी म्हणाले, "भिया तो बोलते ही हैं, मुळेजी। पूरा इंदौर एक-दूसरे को भिया बोलता है। अब उसकी भी मेंबरशिप लेनी पड़ेगी क्या?" सगळे हसले. मी पण हसले. मुळे हसले नाहीत. त्यांनी टेबलावर तीन टकटक केल्या आणि मी पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

मग ते प्रत्यक्ष त्या मंडळींकडे गेले. ती अजूनही आहेत म्हणे, आणि अगदी साधी माणसं आहेत. एका वयस्क गृहस्थांनी मुळ्यांना चहा पाजला, जुनी नावं आपुलकीने चाळली आणि सांगितलं, मुळे नावाचं कुणी सापडत नाही. शहाण्या माणसाने तिथे विषय संपवला असता. मुळे आमच्याकडे आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "नाव नाहीये."

"मग झालं तर," माझा नवरा शिरीष समजुतीने म्हणाला.

"झालं कसं? नाव नाही, याचाच अर्थ वरच्या वर्तुळातले होते. त्यांची नावं लिहीतच नाहीत!"

शिरीषने माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीचा आवाज वाढवला. ज्या माणसाला सापडलं तरी पुरावा आणि नाही सापडलं तरी पुरावाच, त्याच्याशी वाद घालणं म्हणजे पंप बंद असताना नळ सोडून बसणं.

इथपर्यंत मला हे सगळं निरुपद्रवी वाटत होतं. पण यंदा आमच्या भागातल्या मराठी मंडळाने 'आपले पूर्वज' म्हणून एक कार्यक्रम ठरवला. रविवारी संध्याकाळी, चहा आणि कचोरीसकट. मुळ्यांनी त्यात नाव दिलं. विषय: 'इंदूरचे एक अज्ञात फ्रीमेसन, कै. आप्पा मुळे.' मंडळात कोण कोण येतं ते मला माहीत आहे. निवृत्त प्राध्यापक येतात, ज्यांना दुसऱ्याच्या भाषणात चूक सापडली की रक्तातली साखर खाली येते. पुण्याहून इथे नोकरीला आलेली तरुण मंडळी येतात, मोबाइलवर पटकन शोधून पाहणारी. मुळ्यांना तिथे उभ्या उभ्या सोलतील हे मला दिसत होतं. मी त्यांना तसं सांगितलंही.

"मुळेजी, हसं होईल तुमचं. ट्रंक आणि आत्या, एवढ्यावर भाषण होत नाही."

"आप्पांचं नाव एकदा सगळ्यांसमोर घेतलं गेलं पाहिजे," ते म्हणाले. एरवी ते हात हलवून बोलतात. तेव्हा हात मांडीवर होते. मला वाटलं, हट्टाला पेटलेत.

शनिवारी दुपारी ते तालमीला आमच्याकडे आले. कोट घालून. "तुम्ही सामान्य श्रोता म्हणून बसा, वहिनी."

"सामान्यच आहे मी."

घरात माझ्या सासूबाई होत्या. त्या एरवी उज्जैनला थोरल्या दिरांकडे असतात, थंडीपुरत्या आमच्याकडे आल्या होत्या. वय नव्वदीला टेकलेलं, ऐकू कमी येतं, त्यामुळे स्वतः मोठ्याने बोलतात. त्यांना मुळ्यांच्या समोरच खुर्ची दिली. त्यांचं माहेर इंदूरचंच.

मुळे उभे राहिले. तोंडपाठ भाषण. सुरुवातीला त्यांनी आमच्या डायनिंग टेबलावर तीन टकटक केल्या.

"कोण आलंय बघ गं," सासूबाई म्हणाल्या.

"कुणी नाही, आई. भाषण आहे."

मुळे सुरू झाले. "सभ्य स्त्रीपुरुषहो, कल्पना करा. संस्थानी इंदूर. जकात खात्यातला एक तडफदार तरुण. उंच, शिडशिडीत. उजव्या कानात भिकबाळी. दिवसा तो महाराजांची सेवा करतो आणि सांज होताच, कुणालाही न सांगता, त्याची पावलं वळतात ती लॉजकडे..."

"भिकबाळीवाला मुळ्या?" सासूबाईंनी मध्येच विचारलं. "जकातीतला?"

मुळे थांबले.

"अरे, तो आप्पा! वाढपी होता रे तो आमच्या लॉजवर!"

मी म्हटलं, "आई, कुठला लॉज?"

"आमचा! माझ्या वडिलांचा, नानांचा! वर राहायच्या खोल्या, खाली पंगत. विद्यार्थी असायचे, एकटेदुकटे कारकून असायचे. आप्पा कचेरी सुटली की यायचा, एप्रन बांधायचा आणि दोन पंगती वाढायचा. शेवटी आचाऱ्यांबरोबर स्वतः जेवायचा आणि पोरांसाठी डबा भरून न्यायचा. घरी सात-आठ तोंडं होती त्याच्या. नानांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, आप्पा इथे येतो हे बाहेर बोलायचं नाही. सरकारी माणूस तो. शिवाय भिक्षुकाच्या घरातला. उष्ट्या पत्रावळींच्या रांगेत दिसला असता तर लोकांनी तोंड वर काढू दिलं नसतं." मग माझ्याकडे वळून, "हा कोण गं? आप्पाचा कोण?"

"नातू."

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांना उशिरा कळतं, पण कळतं.

मी मुळ्यांकडे पाहिलं. आता 'संकेत' येणार, वाढपी हेसुद्धा वरच्या डिग्रीचं गुप्त नाव निघणार, अशी मी मनाची तयारी केली. मुळे खाली बसले. कोटाची बटणं एकेक करून काढली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"म्हणजे हे नव्हतं माहीत. पण तो लॉज नाही, हे माहीत होतं." ते माझ्याशी बोलत होते पण बघत होते फरशीकडे. "बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात, मी पाठ पुसत होतो त्यांची. म्हणाले, सुधा, आप्पांचा लॉज तो नव्हे बरं का. मी शाळेत असताना मुलं विचारायची, तुझे वडील संध्याकाळी कुठे जातात. मीच सांगितलं होतं, जादूघरात. पुढे तेच चालू राहिलं. एवढं म्हणाले आणि पुढे बोलले नाहीत. मग कुठला लॉज, हे मी विचारलं नाही. वहिनी, लॉज म्हटल्यावर माणूस काय काय विचार करतो. दारू असेल, बाई असेल. भीती वाटली मला."

"मग हे सगळं कशाला? पेरं दाबत फिरताय ते?"

"बाबांनी जन्मात तेवढी एकच थाप मारली." मुळे अगदी हिशेबाची गोष्ट सांगावी तसे म्हणाले. "सत्तर वर्षं तिचं ओझं वाहिलं त्यांनी. मला नापास केलेलं सगळ्या शहराला माहीत होतं, हे मात्र कुणालाच नाही. म्हटलं, शोधून बघू. निघालीच खरी, तर बाबा खोटं बोलले असं होणार नाही."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. तो त्यांनी घेतला नाही.

"उद्याच्या भाषणाचं काय करताय?"

"सांगतो त्यांना, घसा बसलाय."

मग ते खुर्ची ओढत सासूबाईंच्या अगदी जवळ गेले. हातात हात घेतला. सवयीने अंगठा पेरावर गेला असेल, पण त्यांनी दाबलं नाही.

"काकू, मी आप्पांना बघितलेलं नाही. फोटोसुद्धा नाही. कसे वाढायचे हो ते?"

सासूबाईंना प्रश्न दोनदा सांगावा लागला. ऐकल्यावर मात्र त्या खुर्चीत सरळ झाल्या.

"झपाट्याने! पण सांडायचं नाही हं. चटणी डाव्या हाताला म्हणजे डाव्याच हाताला. आम्ही पोरं पंगतीच्या टोकाला बसायचो. भात वाढून झाला की वरणाचं भांडं घेऊन तो लांबूनच ओरडत यायचा." आणि त्यांनी, कधी मोठ्याने हसतसुद्धा नाहीत अशा माझ्या सासूबाईंनी, हात तोंडाशी नेऊन जुन्या पंगतीतली हाक दिली. "आळं करा रे, आळं करा! पूर आलाऽऽ!" मग मला म्हणाल्या, "आम्ही घाईघाईने भाताला बोटांनी खळगा करायचो. ज्याचा बांध फुटला नाही त्याला जास्तीचं तूप."

मुळे हसले नाहीत.

"बाबा म्हणायचे हे," ते म्हणाले. "मी लहान असताना. ताटात वरण घालताना. पूर आला, पूर आला. एरवी शब्द मोजून वापरणारा माणूस. मला वाटायचं हे त्यांचंच आहे, फक्त माझ्यासाठी केलेलं."

सासूबाईंना यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे.

"काकू, पुन्हा एकदा म्हणा ना."

त्यांनी म्हटलं. मुळ्यांनी पुन्हा विचारलं, आवाज जाड होता की पातळ, हाक देताना चालत असायचे की थांबायचे, आलाऽऽ वर सूर चढायचा की उतरायचा. सासूबाईंनी तेही करून दाखवलं. मी उठून स्वयंपाकघरात आले. माझ्याच्याने असल्या गोष्टी समोर बसून बघवत नाहीत आणि दुपारचे दोन वाजत आले होते.

शनिवारी आमच्याकडे खिचडी असते. डाळ-तांदूळ एकत्र धुऊन ओट्यावर निथळत ठेवलेले होते. ते मी तसेच डब्यात भरून फ्रिजमध्ये सारले आणि वरणभाताचा वेगळा कुकर लावला. मुळेजींना बाहेर ओरडून सांगितलं, जेवूनच जा. खिचडीत आळं होत नाही.